भिंतीवर नाव कोणाचे?

प्राचीन इजिप्तमध्ये मंदिरातील नित्यपूजा पुरोहित करीत. भिंतीवर मात्र देवाला नैवेद्य देताना जवळपास नेहमी फॅरोच दिसतो. एपिस बैलाचे दर्शन नाकारणारा रोमन सम्राट ऑगस्टसही तेथे फॅरोच्या वेषात कोरला गेला! सामान्य भाविकांनी वाहिलेले छोटे शिलापट सापडतात, पण मुख्य भिंत त्यांची नव्हती.

आता सांची पाहावी. स्तूपाच्या कठड्यांवर भिक्षुणी, गृहिणी, व्यापारी अशा दात्यांचे लेख आहेत, आणि त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. भोगवर्धन म्हणजे जालना जिल्ह्यातील आजचे भोकरदन, सांचीपासून शेकडो किलोमीटर दूर. प्राचीन धर्म सर्वत्र राजाश्रयावरच जगला, असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हे लेख आधी वाचावेत. त्यांत दात्याचे नाव आहे, अनेकदा गावही आहे. राजाचा उल्लेख क्वचितच.