अंदाज चुकणार हे धरूनच!

शहराची वाहतूक योजना म्हणजे भविष्यावर काढलेली हुंडी. वीस-तीस वर्षांनी कोण कोठे राहील, कोठे कामाला जाईल, याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर आज कोट्यवधी रुपये ओतायचे! हा अंदाज कितपत भरवशाचा? २०२० सालच्या टाळेबंदीने साऱ्या देशाची ये-जा थांबली. ती कोणत्या आराखड्यात धरली होती?

म्हणून योजना करूच नये काय? तसे नव्हे. अंदाज चुकणार, हे धरून योजना करावी, एवढेच माझे म्हणणे.

कित्येक जाणकार म्हणतात, सहज बदलता येईल तेच करा. रूळ टाकण्याऐवजी बस सोडा. उतारू मिळाले नाहीत तर मार्ग बदला. मुद्दा बिनतोड वाटतो. परंतु दिल्लीकडे पाहा. आंबेडकरनगर ते मूलचंद हा सुमारे सहा किलोमीटरचा खास बसमार्ग २००८ साली सुरू झाला. मोटारवाल्यांची ओरड थांबली नाही आणि २०१६ साली तो उखडण्यात आला. जे सहज बदलता येते, ते सहज मोडताही येते! उलट, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रूळ पडले. ते हलणार नाहीत या विश्वासावर पुढे उपनगरे वसली.

मग सगळे कायमचेच बांधावे? तेही नाही. मुंबईची मोनोरेल २०१४ साली चेंबूर-वडाळा मार्गावर धावू लागली, पण अपेक्षिलेले उतारू आलेच नाहीत. बसचा मार्ग बदलता येतो. काँक्रीटचे खांब उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

तात्पर्य, जेथे गर्दी आज डोळ्यांना दिसते तेथे रूळ टाकावेत. जेथे ती केवळ कागदावर आहे तेथे आधी बस सोडावी, तिला काही वर्षे निर्धास्त चालू द्यावे आणि शेजारची जागा उद्यासाठी राखून ठेवावी. किती उतारू झाले म्हणजे पुढचे पाऊल टाकायचे, आणि किती घटले म्हणजे मागे घ्यायचे, हे आरंभीच लिहून जाहीर करावे. म्हणजे निर्णय ओरडीवर नव्हे, आकड्यांवर होईल.

योजनाकारांचा अंदाज चुकला, तर मोटारवाला दुसऱ्या रस्त्याने जातो. खिशात फक्त बसचा पास असलेला विद्यार्थी मात्र थांब्यावरच उभा राहतो, आणि त्याचा पहिला तास बुडतो. अंदाज कोणाचा आणि किंमत कोणाची, हा प्रश्न आपण विचारायचा नाही, तर कोणी?