पदांचेही परिमाण

परिग्रह-परिमाणाचे व्रत आपण धनधान्यापुरतेच मानतो; पदांचेही परिमाण करावे, असे आम्हांस वाटते. शाळा-समिती, वसतिगृह, पांजरपोळ, सर्वत्र आमचे नाव. आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनास घरी मात्र आमचे पान रिकामे! १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणारे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. त्यांच्या वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. सेवेची हुंडी शेवटी घरच्यांनाच वटवावी लागते, हे त्यावरून ध्यानी यावे. म्हणून प्रत्येकाने एकच पद, तेही मुदतीने व घरच्यांच्या संमतीने घ्यावे. उरलेली पदे तरुणांस व भगिनींस द्यावीत. आम्ही यंदा दोन पदे सोडली. शाळेचे काही अडले नाही. नातवाचे पाढे मात्र आमच्या कानी पडू लागले.