कर्करोगाचे नवे औषध आणि आपली मोजदाद

अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये कर्करोगावरील एका नव्या उपचारास मान्यता दिली. सायनोव्हियल सार्कोमा हा विरळा रोग. सांध्यांजवळ त्याच्या गाठी येतात आणि तरण्याताठ्यांनाही तो सोडीत नाही. ज्या चाचणीवरून ‘टेसेल्रा’ नावाच्या या उपचारास मान्यता मिळाली, तीत ४४ रुग्णांपैकी १९ जणांच्या गाठी आक्रसल्या. रुग्णाच्याच पेशींत नवे जनुक घालून गाठीच्या कर्करोगावर केलेला हा पहिला मान्य उपचार होय. बातमी आनंदाची आहे. परंतु तिच्यात एक अट आहे, आणि ती आपल्या वाचकांनी समजून घ्यावी असे आम्हांस वाटते, कारण तिचा संबंध आपल्या वंशाशी येतो.

रक्तातील टी पेशी या शरीराच्या पहारेकरी. प्रत्येकीच्या अंगावर रिसेप्टर नावाचे ओळख पटविणारे प्रथिन असते. आपल्या शरीरातील पेशी आत काय चालले आहे त्याचे लहान तुकडे, जणू ताटलीत वाढून, बाहेर मांडीत असतात. रिसेप्टर तुकडा आणि ताटली दोन्ही मिळून पाहतो. ताटली परकी असली तर ओळखीचा तुकडाही त्याला उमगत नाही. ही गोष्ट १९७४ साली झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियात उंदरांवरील प्रयोगांतून दाखविली. १९९६ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. माणसाच्या या ताटलीस एचएलए म्हणतात. ती रक्तगटाप्रमाणे आईकडून निम्मी व बापाकडून निम्मी येते. मात्र रक्तगट चार, आणि हिचे प्रकार हजारो.

नव्या उपचारात रुग्णाच्या टी पेशी काढून, कर्करोगाच्या पेशीतील ‘मेज-ए४’ या प्रथिनाचा तुकडा ओळखील असा रिसेप्टर त्यांत बसवितात, त्या वाढवितात आणि सलाईनप्रमाणे पुन्हा शरीरात सोडतात. अट येते ती येथे. रुग्णाची ताटली ए-२ जातीची, आणि तीतही ०२:०१, ०२:०२, ०२:०३ किंवा ०२:०६ या पोटप्रकारांची हवी. युरोपीय लोकांत ०२:०१ फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, म्हणून संशोधकांनी सुरुवात तेथून केली. भारतात झालेल्या पाहण्यांत मात्र ए-२ असलेल्या माणसांत ०२:११ हा पोटप्रकार वारंवार आढळला आहे, आणि तो त्या यादीत नाही. कोकणातून आलेल्या पणजोबांनी आडनाव व गणपती यांबरोबर ही ताटलीही या बेटावर आणली. पुढे येथील लग्नसंबंधांतून तीत आणखी प्रकार मिसळले असतील.

कोणी म्हणेल, मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक रुग्णालयाने स्वदेशी औषध काढलेच आहे ना? काढले आहे, आणि त्याचा अभिमान आम्हांसही वाटतो. ‘नेक्सकार१९’ ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि परदेशी उपचाराच्या मानाने त्याची किंमत पुष्कळच कमी आहे. पण ते रक्ताच्या काही कर्करोगांवरचे आहे. ते पेशीच्या बाहेरच्या अंगावरील खूण पाहते, ताटली पाहत नाही. म्हणून मराठी, चिनी, क्रिओल कोणासही चालते. घरात काय शिजते आहे हे मात्र त्याला उंबऱ्यावरून दिसत नाही. आतील प्रथिने पकडावयाची तर रिसेप्टरचाच मार्ग धरावा लागतो, आणि तेथे ज्याची त्याची ताटली आडवी येते.

मग ०२:११ साठी रिसेप्टरमध्ये थोडा बदल करून भागणार नाही का? इतके सोपे ते नाही. ‘मेज-ए३’ वर नेम धरून अधिक जोरकस केलेल्या एका रिसेप्टरने हृदयाच्या स्नायूंतील टायटिन या प्रथिनालाच शत्रू मानले आणि दोन रुग्ण दगावले; २०१३ साली ही हकीगत प्रसिद्ध झाली. प्रत्येक नवा रिसेप्टर पहिल्या पायरीपासून तपासावा लागतो. त्यास पैसा लागतो. टेसेल्राची मूळ किंमत ७,२७,००० डॉलर लावण्यात आली होती. तरीही ते बाजारात आणणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये ते दुसऱ्या कंपनीस विकून टाकले. विरळ्या रोगाचे, त्यातून विरळ्या ताटलीचे औषध काढण्यास व्यापारी आपण होऊन पुढे येईल, ही आशा आम्ही धरीत नाही. ज्यांची मोजदादच झालेली नाही त्यांच्यासाठी तर कोणीच येणार नाही.

आणि मोजदाद होऊ देण्यात आपणही मागे असतो. घरात कर्करोग निघाला की त्याचे नावसुद्धा घ्यावयाचे नाही, सोयऱ्यांपासून लपवावयाचे, ही रीत अजून मोडलेली नाही. डॉक्टरांनी काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासासाठी ठेवू का असे विचारले तर घरची वडीलधारी माणसे आधी नाही म्हणतात. आमची त्यांस विनंती आहे की, कागदावर काय लिहिले आहे ते मुलांकडून वाचून घ्यावे, नाव गुप्त राहील ना हे विचारावे, आणि समाधान झाल्यास संमती द्यावी.

आरोग्य खात्याकडेही आमची मागणी आहे. कर्करोगाच्या ज्या रुग्णांस उपचारार्थ भारतात किंवा अन्यत्र पाठविले जाते, त्यांच्या एचएलएची तपासणी व्हावी व ती त्यांच्या कागदपत्रांत नोंदली जावी, म्हणजे तेथे एखादी चाचणी चालू असेल तर त्यांचा विचार होऊ शकेल. नावे वगळून या नोंदी टाटा स्मारकासारख्या संस्थांच्या संशोधकांना उपलब्ध कराव्यात. यासाठी नवी इमारत नको की नवे मंडळ नको. रक्ताचा एक नमुना आणि फाइलीत एक जादा ओळ एवढेच लागते.