एकसष्टचे चार फाटे

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ६१ क्रमांकाची एक बस नाही, चार आहेत: ६१ए, ६१बी, ६१सी आणि ६१डी. चारही डाउनटाउनमधून निघतात, विद्यापीठांचा आणि रुग्णालयांचा ओकलंड हा भाग ओलांडतात आणि स्क्विरल हिलमधल्या फोर्ब्स व मरे या रस्त्यांच्या चौकापर्यंत एकाच वाटेने जातात. या चौकात वाट दुभंगते. ए आणि बी फोर्ब्स रस्त्यानेच सरळ पूर्वेला जातात. पुढे एक नॉर्थ ब्रॅडकचा रस्ता धरते, दुसरी स्विसव्हेल आणि ब्रॅडकचा. सी आणि डी मरे रस्त्याला उजवीकडे वळतात आणि मनाँगहीला नदी ओलांडतात. पलीकडे डी वॉटरफ्रंट या बाजारपेठेशी संपते, तर सी नदीकाठच्या जुन्या पोलादी गावांतून मॅकीस्पोर्टपर्यंत जाते. ही सेवा पिट्सबर्ग रीजनल ट्रान्झिट ही सार्वजनिक संस्था चालवते. २०२२ पर्यंत तिचे नाव अलेगेनी काउंटी पोर्ट अथॉरिटी असे होते.

एका मार्गाला इतके फाटे का, याचे पहिले उत्तर भूगोलात आहे. पिट्सबर्ग तीन नद्यांच्या संगमावर, डोंगर आणि दऱ्यांत वसले आहे. पूर्वेकडच्या वस्त्यांतून डाउनटाउनला यायचे तर सरळ रस्ते मोजकेच आहेत. फोर्ब्स आणि फिफ्थ ही समांतर रस्त्यांची जोडी त्यातली मुख्य. त्यामुळे चार दिशांच्या वस्त्यांतून निघालेल्या बस शेवटी याच जोडीवर येतात. ६१चे भावंड असलेल्या ७१ क्रमांकाच्याही चार बस आहेत, ए ते डी, आणि ओकलंड ते डाउनटाउन हा टप्पा त्यांनाही याच परिसरातून काढावा लागतो.

दुसरे उत्तर वस्त्यांच्या इतिहासात आहे. ब्रॅडकमध्ये अँड्र्यू कार्नेगींचा एडगर टॉमसन पोलाद कारखाना १८७५ मध्ये सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. होमस्टेडचा कारखाना १८९२च्या रक्तरंजित संपामुळे जगाला ठाऊक झाला. तो १९८६ मध्ये बंद पडला आणि त्याच जागेवर पुढे वॉटरफ्रंट उभे राहिले. कारखाने गेले तरी वस्त्या उरल्या, आणि नोकरी, दवाखाना, कॉलेज यांसाठी तिथल्या लोकांना आता ओकलंड आणि डाउनटाउन गाठावे लागते. म्हणून एकाच ६१मध्ये दोन वेगळे प्रवासी बसतात. एक, ओकलंड ते स्क्विरल हिल एवढेच अंतर जाणारा विद्यार्थी. कार्नेगी मेलन आणि पिट्सबर्ग विद्यापीठात शिकायला जाणारी मराठी मुलेही त्यांत असतात. दुसरा, मॅकीस्पोर्ट किंवा ब्रॅडकपर्यंत जाणारा कामगार. पहिल्याला फक्त आकडा पुरतो; दुसऱ्याला अक्षर कळल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवता येत नाही.

नवख्याचा गोंधळ होतो तो इथेच. नकाशावर चार रेघा चार रंगांत काढल्या की ते चार मार्ग वाटतात. पाटीवर ६१ वाचले की एकच वाटतो. प्रत्यक्षात मार्गाचे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा नियम निराळा आहे. चौकाच्या अलीकडे उतरायचे असेल तर चारपैकी कोणतीही बस चालते. मरे रस्त्यावर उतरायचे असेल तर सी किंवा डी, आणि फोर्ब्सवर चौकाच्या पुढे जायचे असेल तर सुरुवातीला ए किंवा बी. त्याही पुढे, जोड्या फुटल्यावर, एकच अक्षर उरते. प्रवाशाने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कोणती बस?’ हा नव्हे, तर ‘माझा थांबा कोणत्या टप्प्यात?’ हा.

टप्पा बदलला की वाट पाहण्याचा हिशोबही बदलतो. समजा प्रत्येक फाट्यावर दर २० मिनिटांनी एक बस आहे. मग समाईक पट्ट्यावर सरासरी दर ५ मिनिटांनी बस मिळेल, मरे रस्त्यावर दर १० मिनिटांनी, आणि मॅकीस्पोर्टला दर २० मिनिटांनी. बस तेवढ्याच, चालक तेवढेच. पण फाटा फुटेल तिथे सेवेची विभागणी होते. फाटे देणाऱ्या मार्गाचा हा मूळ सौदा आहे. बस न बदलता घरापर्यंत जाता येते, पण त्याची किंमत थांब्यावर उभे राहून द्यावी लागते.

हा सौदाही कागदावर जमतो तसा रस्त्यावर जमत नाही. वरचा हिशोब बस समान अंतराने सुटल्या तरच खरा ठरतो, आणि नुसते समान अंतर पुरत नाही, क्रमही योग्य लागतो. ए, सी, बी, डी असा क्रम असेल तर मरे रस्त्यावर दर १० मिनिटांनी बस येते. तोच क्रम ए, बी, सी, डी असा लावला तर तिथे एक बस ५ मिनिटांनी आणि पुढची १५ मिनिटांनी येते. बस तेवढ्याच राहिल्या, तरी वेळ न पाहता थांब्यावर येणाऱ्याची सरासरी प्रतीक्षा ५ मिनिटांवरून सव्वासहा मिनिटांवर जाते, कारण लांब खंडात येणारे लोकही जास्त असतात. अशा मार्गाचे वेळापत्रक म्हणूनच चारही अक्षरे एकत्र मांडून आखावे लागते.

शहराकडे येणाऱ्या फेऱ्यांत अडचण आणखी वाढते. सी मॅकीस्पोर्टहून लांबचा पल्ला, पूल आणि गावांतले सिग्नल पार करून येते. डीचा पल्ला त्या मानाने आखूड. ज्या शेपट्या लांब, त्यांना उशीर होण्याची संधीही जास्त. चौकात चारही वाटा मिळतात तेव्हा त्या त्या फाट्यावरचा उशीर समाईक पट्ट्यावर येऊन पडतो. एकदा एक बस मागे पडली की पुढच्या थांब्यांवर तिच्यासाठी जास्त लोक जमतात, त्यांना चढायला वेळ लागतो, आणि ती आणखी मागे पडते. तिच्या मागची बस रिकामी धावत तिला गाठते. चारही एकत्र आल्या तर ५ मिनिटांची सेवा २० मिनिटांची होते आणि सरासरी प्रतीक्षा अडीच मिनिटांऐवजी १० मिनिटांची.

डाउनटाउनहून निघालेल्या फेऱ्यांत तक्रार उलटी असते. ओकलंडला जाणारे, म्हणजे कोणतीही ६१ चालणारे प्रवासी समोर येईल त्या बसमध्ये चढतात. ती सी असेल आणि भरून गेली, तर पुढच्या थांब्यावर मॅकीस्पोर्टच्या प्रवाशाला जागा मिळत नाही, आणि मागून येणाऱ्या डी, ए, बी बसचा त्याला उपयोग नसतो. जवळ जाणाऱ्याला पर्याय चार आणि लांब जाणाऱ्याला एक, तरी जागा पहिल्यालाच मिळते. या मार्गरचनेचा हा सर्वात मोठा दोष म्हणावा लागेल.

गुंता वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. ओकलंडमध्ये फोर्ब्स पूर्वेकडे आणि फिफ्थ पश्चिमेकडे असे एकेरी वाहतुकीचे रस्ते आहेत. ६१ने जाताना फोर्ब्सचा थांबा, तर परतीचा थांबा एक गल्ली सोडून फिफ्थवर. दुसरी गोष्ट भाड्याची. शहराकडे येताना चढताना पैसे द्यायचे, शहराबाहेर जाताना उतरताना द्यायचे, आणि संध्याकाळी सातनंतर पुन्हा चढतानाच, असा तिथे अनेक वर्षे नियम होता. जानेवारी २०१७ पासून सर्व वेळ चढतानाच भाडे घेतले जाऊ लागले आणि अंतरानुसारचे दोन भाडेविभागही काढून टाकले. अक्षरे तीच राहिली, पण निदान भाड्याचा गोंधळ संपला.

अक्षरांचा प्रश्न वेगवेगळ्या शहरांनी वेगवेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. टोरांटोत एकाच क्रमांकाला ए, बी, सी लावून फाटे दाखवण्याची पद्धत कायम आहे. लंडनने अक्षरे हळूहळू काढून टाकली; २००६ मध्ये तिथल्या ७७ए या मार्गाचा ८७ झाला आणि अक्षराची शेपटी असलेला शेवटचा मार्ग संपला. सोलने २००४ मध्ये बसचे रंग आणि क्रमांक दोन्ही नव्याने बांधले आणि क्रमांकातच विभाग ओळखू येतील अशी सोय केली. खुद्द पिट्सबर्गमध्ये ५४सीचा नुसता ५४ झाला, पण ६१ आणि ७१ची अक्षरे टिकली. हे योग्यच झाले, कारण या दोन्ही मार्गांत अक्षर खरोखर काही सांगते.

महाराष्ट्रातल्या शहरांत असा गुंता बराच काळ वाहकाने सोसला. पाटी अपुरी असली तरी दारातूनच ‘स्टेशनला जाणार का?’ असे विचारता येते आणि चुकीच्या बसमध्ये चढलेल्याला वेळेत उतरवता येते. पिट्सबर्गच्या बसमध्ये वाहक नसतो. सगळा भार पाटीवर, नकाशावर आणि थांब्यावरच्या फलकावर येतो. आपल्याकडेही वाहक नसलेल्या बस वाढत आहेत, तेव्हा हा भार इथेही पाटीवरच येणार आहे.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला रचनेचा: काही फाटे डाउनटाउनपर्यंत न नेता मधल्या केंद्रावर थांबवायचे आणि समाईक पट्ट्यावर एकच दाट सेवा चालवायची. डाउनटाउन ते ओकलंड या टप्प्यासाठी राखीव मार्गिकांचा ‘युनिव्हर्सिटी लाइन’ हा जलद बस प्रकल्प याच दिशेचा आहे; त्याच्या आखणीत काही मार्ग थेट जातात आणि काही ओकलंडलाच संपतात. त्यात बस बदलण्याचा त्रास येतो, म्हणून बदलीची जागा सोयीची आणि पुढची बस भरवशाची असेल तरच ही अदलाबदल परवडते.

दुसरा उपाय माहितीचा आणि स्वस्त आहे. नकाशावर समाईक पट्टा एकाच जाड रेघेने आणि फाटे बारीक रेघांनी दाखवावेत. पाटीवर अक्षर आकड्याइतकेच मोठे असावे आणि शेजारी शेवटच्या थांब्याचे नाव असावे. समाईक थांब्यांवरच्या फलकावर चारही बसच्या वेळा एका रांगेत द्याव्यात, फाट्यांवरच्या थांब्यांवर मात्र फक्त आपापल्या. वेळापत्रकात अक्षरांचा क्रम ए, सी, बी, डी असा पाळावा आणि चौकात लवकर पोचलेल्या बसला तिची वेळ होईपर्यंत थांबवावे.

वाट पाहण्याच्या कसोटीवर ६१ हा मार्ग समाईक पट्ट्यासाठी उत्तम, ए-बी आणि सी-डी या जोड्यांच्या रस्त्यांसाठी चालण्याजोगा आणि टोकाच्या गावांसाठी कमी पडणारा ठरतो. सुधारणेचा पहिला हक्कही त्याच टोकाच्या गावांचा आहे, कारण समाईक पट्ट्यावरच्या माणसाची एक बस चुकली तर वरच्या हिशोबाने त्याला पाच मिनिटांत दुसरी मिळते.