कोयत्याची जमा कोणाच्या वहीत?

भातलावणीच्या दिवसांत आमच्या भागात 'पैरा' हा शब्द अजून कानावर येतो. आज तुमच्या घरची चार माणसे आमच्या शेतात, परवा आमची चार तुमच्या शेतात. पैशाचा व्यवहार नाही. दुपारची भाकरी ज्याचे शेत त्याची. कोकणाकडे याला सावड म्हणतात. घाटावर काही ठिकाणी इर्जिक म्हणतात, पण इर्जिकीत परतफेडीपेक्षा जेवणाला मान जास्त. घरात कन्नड बोलणाऱ्या वाचकांना 'मुय्याळु' ठाऊक असेलच. मुय्यी म्हणजे परत करायचे देणे. लग्नात केलेला आहेर ही मुय्यी, आणि सूड उगवला तर तीही मुय्यीच. उपकार आणि वैर दोन्ही एकाच शब्दाने फेडणारी ही भाषा मला फार प्रामाणिक वाटते.

या पैऱ्याचा हिशेब कोण ठेवतो? कागदावर कोणीच नाही. आमच्या सासूबाईंना मात्र तोंडपाठ असायचा. 'वरच्या आळीच्या पाटलांकडनं अजून दोन माणसं येणं हायत, एक अर्ध्या दिवसाचं धरा,' असे त्या सहज सांगत. समोरच्या घरातल्या बाईलाही तेवढेच पाठ असे. कमावलेली जमा दोन्ही घरांना सारखीच माहीत, हे या पद्धतीचे बळ. तिची मर्यादाही तिथेच आहे. गाव सोडले की जमा बुडाली. भांडण झाले तरी बुडाली.

अर्थशास्त्र शिकवताना 'क्रेडिट' हा शब्द आला की मुलांच्या डोळ्यांसमोर बँकेचे कार्ड येते. मी त्यांना आधी पैरा सांगते. केलेल्या कामाची नोंद म्हणजे क्रेडिट. ती नोंद पैशात असो, तासांत असो, नाहीतर हल्लीच्या मोबाइलवरच्या 'पॉइंट'मध्ये असो. मग प्रश्न एकच उरतो. वही कोणाच्या हातात आहे?

जपानमध्ये ओसाका येथे तेरुको मिझुशिमा नावाच्या बाईंनी १९७३ साली या प्रश्नाला स्वतःपुरते उत्तर काढले. युद्धाच्या टंचाईच्या काळात त्या शिवणकाम करून देऊन बदल्यात ताजी भाजी मिळवत. तेव्हापासून त्यांच्या मनात होते की बाईच्या कामाचा तास हे चलन का असू नये? त्यांनी श्रमाची बँक काढली. सभासद बहुतेक गृहिणी. कोणी दुसरीचे मूल सांभाळायचे, कोणी आजाऱ्याजवळ बसायचे. जितके तास, तितकी जमा, आणि गरज पडेल तेव्हा त्यातून मदत मागायची. पुढे १९९० च्या दशकात तिथेच 'फुरेआई किप्पु' नावाची योजना आली. तिच्यात एका शहरात परक्या म्हाताऱ्याची सेवा करून मिळवलेले तास दुसऱ्या शहरातल्या आपल्या आईवडिलांच्या नावे पाठवण्याची सोय होती. ज्यांची मुले बेंगळुरू-पुण्याला आहेत त्यांनी ही कल्पना एकदा मनात घोळवून पाहावी. गावाबाहेर न जाणारा आपला पैरा त्या लोकांनी पोस्टात टाकण्याजोगा केला.

आता दुसरे टोक. १९९६ साली अमेरिकेत टोनी शे आणि संजय मदान या दोन तरुणांनी 'लिंकएक्सचेंज' नावाची सेवा सुरू केली. इंटरनेटवर ज्यांची छोटी छोटी दुकाने होती त्यांच्यासाठी हा पैराच होता. तुम्ही तुमच्या पाटीखाली दुसऱ्यांच्या जाहिराती दोनदा दाखवा, तुमची जाहिरात दुसरीकडे एकदा दाखवली जाईल. दोनाला एक. उरलेला एक कुठे गेला? तो चालकांचा. अशा उरलेल्या 'एकां'चा मोठा ढीग झाला, तो त्यांनी मोठ्या जाहिरातदारांना विकला आणि १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनीच २६ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. लबाडी म्हणता येणार नाही, अट आधीच सांगितलेली होती. पुढे अशा अदलाबदलीच्या कितीतरी सेवा आल्या. दुसऱ्याचे पान अमुक सेकंद बघत बसायचे, त्याचे क्रेडिट मिळवायचे आणि ते आपल्या पानासाठी लावायचे. लावायला विसरला तर ते तसेच पडून राहणार. सेवा बंद पडली तर त्याच रात्री सगळी जमा शून्य. वही चालकाच्या संगणकात. तुम्हाला दिसते ते फक्त एका आकड्याचे तोंड.

हे सगळे डोक्यात एकत्र आले ते चलथाणला. माझी मावसबहीण लग्नानंतर तिकडे गेली. तिचे यजमान कापडाच्या कारखान्यात आहेत. चलथाण सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यात, कडोदऱ्याला लागून. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातल्या रेल्वेवर उधना सोडले की हे स्टेशन येते. पुढे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे सीमेवरच्या आपल्या लोकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. तिथे बाकाच्या मधून सीमा गेली आहे आणि त्यावरून कोणी डोकी फोडत नाही.

याच रेल्वेने आणि याच रस्त्याने धुळे-नंदुरबारकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या बाजूला येत आली आहेत. काही कापडात गेली, काही उसात. चलथाणला साखर कारखाना आहे, श्री चलथाण विभाग खांड उद्योग सहकारी मंडळी. गुजरातीत साखरेला खांड म्हणतात. जवळच बारडोलीचा कारखाना, आणखीही आहेत. हा सगळा पट्टा उसाचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या उतरतात आणि उन्हाळा तापेपर्यंत राहतात. त्यांच्या वस्तीला तिकडे 'पडाव' म्हणतात, आपल्याकडच्या कोप्यांसारखाच. नवरा-बायकोच्या जोडीला दोन्हीकडे एकच शब्द : कोयता.

हॉलंडचे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत हिंडून मजुरांचा अभ्यास करत आले. बारडोली भागातल्या खानदेशी ऊसतोड्यांवर त्यांनी १९७८ च्या सुमारास सविस्तर लिहिले. त्यांनी मांडलेली व्यवस्था अशी. पावसाळ्यात गावी हाताला काम नसते तेव्हा मुकादम उचल देतो. हंगामात ज्वारी आणि थोडी खर्ची मिळते, ती नावे पडते. तोडलेल्या टनाची मजुरी जमा पडते, पण हातात येत नाही. शेवटचा हिशेब हंगाम संपल्यावर. टोळी मध्येच निघून जाऊ नये यासाठी ही सोय.

या उचलीवर दीडपट फेड घेण्याची रीत दक्षिण गुजरातेत नोंदली गेली आहे. फळ्यावर मांडावे तसे मांडून बघू. गुजरातेत अनेक वर्षे टनाला किमान २३८ रुपये दर होता. एका कोयत्याने रोज एक टन तोडला आणि हंगाम १५० दिवसांचा धरला, तर जमा ३५,७०० रुपये. पावसाळ्यात १५,००० उचलले असतील तर दीडपटीने २२,५०० गेले. राहिले १३,२००. त्यातून पाच महिन्यांची ज्वारी आणि खर्ची वजा करा. हे दोन माणसांचे पाच महिने आहेत, हे विसरू नका. मजुरांच्या संघटनांनी बरीच वर्षे लावून धरल्यावर २०२२-२३ च्या हंगामात गुजरात सरकारने हा किमान दर दुप्पट करून ४७६ केला. त्या दराने तीच जमा ७१,४०० होते. आपल्या महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून टनाला ३६६ रुपये ठरला. दर वाढले हे चांगलेच झाले. पण दर कितीही वाढला तरी टन किती झाले आणि नावे किती पडले हे दुसऱ्याच्याच वहीत असेल, तर वाढ कुठे मुरली हे कळायला मार्ग नाही.

बहिणीच्या घरामागे मोकळ्या जागेत एक पडाव होता. त्या टोळीचा कारखाना कुठला ते मी विचारले नाही. पाण्याच्या निमित्ताने तिथल्या बायका हिच्याकडे येत. त्यांची अहिराणी मला निम्मी कळे, माझी बेळगावी मराठी त्यांना तेवढीच. एकीने वजनाची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी गुजरातीत. ती बाई पाचवीपर्यंत शिकलेली, देवनागरी वाचणारी. गुजराती अक्षरे म्हणजे आपलीच, फक्त डोक्यावरची रेघ काढलेली, असे मी समजत होते. पण गुजराती पाचाचा आकडा आपल्याला 'प' वाटतो. तिलाही तसाच वाटत होता. बहीण पंधरा वर्षे तिकडे राहून गुजराती वाचते, तिने चिठ्ठी वाचून दिली. त्या बाईने आपल्या मुलीच्या जुन्या वहीत ते टन देवनागरीत उतरवून घेतले. मागच्या पानांवर अशाच बऱ्याच नोंदी होत्या, काही पेन्सिलीने, काही कोळशाने. मुकादमाच्या वहीत नाव कोणाचे, असे मी विचारले. तिच्या मालकाचे. कोयता दोघांचा, नाव एकाचे.

मिझुशिमाबाईंनी १९७३ मध्ये तासाची नोंद बाईच्या नावे केली, हे मी वर सांगितले ते याचसाठी. टनांचे अर्धे काम बाईचे. मोळी बांधणे, वाहणे आणि त्यावर स्वयंपाक-पाणी-मूल. तिचा आकडा मात्र वेगळा कुठे उमटत नाही.

कायद्याला हे सुचले नव्हते असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यावे, असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्येक कामगाराला, म्हणजे जोडीला एक नव्हे. त्यात मजुरीचा दर, दिलेली रक्कम, कापलेली रक्कम हे सगळे हवे, आणि हिंदी किंवा इंग्रजी ही कामगाराची भाषा नसेल तर त्याच्या स्वतःच्या भाषेतही. चाळीस वर्षांपूर्वी कोण्या अधिकाऱ्याने हे वाक्य लिहिले असेल त्याला नमस्कार करावासा वाटतो. मी त्या पडावात विचारले तेव्हा पासबुक हा शब्द त्यांना बँकेचाच माहीत होता. तो कायदा आता २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

हे सारे सुरतेकडचे म्हणून सोडून देता आले असते. पण आपल्या चिकोडी, निपाणी, संकेश्वरच्या पट्ट्यात हंगामाला बीडकडच्या टोळ्या येतातच. तिथे गुजराती, इथे कन्नड, फरक एवढाच. चिठ्ठीवरचा मजकूर त्या बायकांना वाचता येत नाही आणि आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही दोन्ही लिप्या येतात. जमा, बाकी, खर्च हे शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहेत, उधारीची फक्त 'उद्री' होते. आपल्या फडात टोळी आली की आपण गाडीचा नंबर आणि टन आपल्या वहीत उतरवतो, कारण कारखान्याकडून आपले बिल यायचे असते. तोच आकडा एका कागदावर मराठीत लिहून टोळीतल्या बाईच्या हातात द्यायला किती वेळ लागेल? त्याने मुकादमाचा हिशेब बदलेल असे नाही. हंगामाच्या शेवटी तो सांगेल त्या आकड्यासमोर ठेवायला दुसरा आकडा तरी असेल. काही मुकादम सचोटीचे असतात, त्यांनाही या कागदाची अडचण होण्याचे कारण नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने गेल्या हंगामात हे घरच्या मळ्यात केले. वडील आधी कुरकुरले, 'नसती भानगड' म्हणाले. चौथ्या दिवशी टोळीतली एक बाई आपणहून कागद मागायला आली आणि जुन्या कागदांची घडी पुढे करून म्हणाली, यावर माझं नावबी लिव्ह. त्याच टोळीतल्या बायका संध्याकाळी वाढ्यांच्या पेंढ्या दारोदार विकत. ते रोख पैसे कुठल्याच वहीत चढत नाहीत, बऱ्याचदा तेवढेच बाईच्या कनवटीला राहतात. त्या पेंढ्यांचाही हिशेब तिने कागदाच्या मागच्या बाजूला त्याच्याकडून लिहून घेतला.