गोष्टीतला आपला माणूस

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागतं. या पट्ट्यातल्या मुस्लिम घरातलं पोर सकाळपासून रात्रीपर्यंत तीन भाषांत जगतं. आईशी दखनी, शाळेत आणि मोंढ्यात मराठी, मौलानांसमोर उर्दू. ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’ हे शब्द घरचे, निबंध मात्र शुद्ध मराठीत. हेच पोर मराठी कादंबरीत स्वतःला शोधायला गेलं तर कोण भेटतं? गोष्ट मराठवाड्याची असेल तर बहुतेकदा रझाकार. नाहीतर दंगलीत शेजाऱ्याला वाचवता वाचवता जीव देणारे प्रेमळ चाचा. एक भीती घालायला, दुसरा डोळ्यांत पाणी आणायला. बारावीला गणितात अडकलेला, हैदराबादला जावं की पुण्याला या विचाराने झोप उडालेला, बहिणीच्या लग्नाच्या कर्जाने वैतागलेला साधा मुसलमान तरुण तिथे सहसा नसतोच.

टीव्हीवर आपण ‘प्रश्न’ असतो. वैचारिक लेखांतही प्रश्नच असतो, फक्त तो सहानुभूतीने मांडलेला असतो. आरक्षण, शिक्षण, वक्फ यांवर लिहिलं जायलाच हवं. पण सच्चर समितीच्या अहवालात अम्मीचा स्वभाव सापडत नाही. अब्बा दुकान बंद करून आल्यावर गप्प का बसतात, तेही सापडत नाही. त्यासाठी कथा लागते.

आज मराठीत अशा लेखनाचा बराच भाग छोटे प्रकाशक पुढे आणतात. पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती, जाहिरातीला पैसा नाही, विक्री टपालाने, ग्रंथप्रदर्शनात किंवा लेखकाच्या पिशवीतून. तोटा उघड आहे. पण ज्याला पन्नास हजार ग्राहकांना खूश ठेवायचं नसतं, त्याला लेखकाची बोली ‘सुधारून’ घ्यायचीही गरज पडत नाही.

शेजारचंच उदाहरण घ्या. 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. त्या परभणीत राहून पत्रकारिता करणाऱ्या आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह शब्द पब्लिकेशनने काढला आणि 2016 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेती, मजुरी, गावकीचं राजकारण आपण रोज बघतो. त्या गडबडीत माणूस मनातल्या मनात काय हिशेब करत असतो, ते या कथा वाचताना समजतं. त्यांतली बहुतेक माणसं आपल्या धर्माची नाहीत, पण पाऊस, उधारी आणि पंचायत समिती तीच आहे. जत तालुक्यातल्या नवनाथ गोरेंची ‘फेसाटी’ तर त्या मातीच्या बोलीतच लिहिलेली आहे. पुण्याच्या अक्षर वाङ्मय प्रकाशनाची ही कादंबरी 2018 च्या युवा पुरस्काराची मानकरी ठरली. (दोन वर्षांनी लॉकडाऊनमध्ये हेच गोरे शेतमजुरीला जात असल्याच्या बातम्या आल्या. लिहू पाहणाऱ्यांनी हेही ठाऊक असू द्यावं.)

जतची बोली पुस्तकात येऊ शकते, तर आपली दखनी मिसळलेली मराठी का नाही? मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ 1857 साली लिहिली ती बाबा पदमनजींनी, म्हणजे एका ख्रिस्ती माणसाने. या घरात अल्पसंख्याक पाहुणे म्हणून आलेले नाहीत.

मुसलमान लेखकानेच लिहिलेलं वाचायचं तर हमीद दलवाईंची ‘इंधन’ वाचा. कादंबरी 1965 ची, कोकणातल्या एका गावाची. दलवाईंच्या राजकारणाविषयी आपल्यात तीव्र मतभेद आहेत, ते राहोत. ‘इंधन’मध्ये भाषण नाही. ती हिंदूंना सोडत नाही, मुसलमानांना सोडत नाही आणि गोष्ट सांगणाऱ्या निवेदकालाही सोडत नाही.

इथे एक अवघड गोष्ट येते. आपला माणूस गोष्टीत खराखुरा आला की तो खोटं बोलणार, बायकोवर हात उगारणार, नको तिथे प्रेमात पडणार. ते वाचून आपल्यातलेच काही जण चिडणार. दलवाईंसारखेच चिपळूणकडचे असलेले रहमान अब्बास उर्दूत लिहितात. ‘नखलिस्तान की तलाश’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षकाची नोकरी गेली. सुमारे दहा वर्षांनी, 2016 मध्ये ते निर्दोष सुटले. त्यानंतर 2018 साली त्यांच्या ‘रोहज़िन’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्कारानंतर अभिनंदन करणं सोपं असतं. खटला चालू असताना लेखकाच्या शेजारी किती जण उभे राहतात, हा खरा मुद्दा आहे. आमची भूमिका स्पष्ट आहे. कादंबरी पटली नाही तर तिच्यावर कडक टीका लिहा, पोलीस ठाण्याची पायरी चढू नका. दुसऱ्यांनी आपल्याला साच्यात बसवलं म्हणून तक्रार करायची आणि आपल्या लेखकाने फक्त आपला चांगुलपणाच रंगवावा असा आग्रहही धरायचा, हे जमणार नाही.

राहिला प्रश्न पुस्तकं मिळण्याचा. शिरड शहापूरसारख्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुधा वह्या, गाईड आणि स्पर्धा परीक्षांची चोपडी. पण 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांना दरवर्षी ग्रंथखरेदी करावी लागते. काय घ्यायचं हे बरेचदा विक्रेता जे गठ्ठे आणतो त्यावर ठरतं, कारण वाचक काही मागतच नाहीत. चार-पाच पोरापोरींनी सह्या करून पुस्तकांची, लेखकांची आणि प्रकाशकांची नावं ग्रंथपालांकडे लेखी द्या. मुलींनी तर जरूर द्या. अनेक वाचनालयांत दुपारी वर्तमानपत्र चाळणाऱ्या चाचा-काकांशिवाय कुणी दिसत नाही. तेही जमलं नाही तर तिघांत मिळून एक कादंबरी मागवा. तीनशे रुपयांचं पुस्तक शंभरात पडतं आणि वाचून झाल्यावर भांडायला दोघं हाताशी असतात.

आणि लिहा. पुढच्या अंकापासून आम्ही कथेसाठी पानं राखून ठेवतो आहोत. संवाद दखनीत असले तर ते तसेच छापू, खाली अर्थ देणार नाही. गोष्टीत दंगल नसली तरी चालेल.