दानाला डिग्री कशाला?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दशलक्षण पर्वातला आठवा दिवस, उत्तम त्यागाचा. आरती करून घरी आलो आणि सूनबाईने विषय काढला. ती एका आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेत नऊ वर्षं नोकरी करते. म्हणाली, "आई, मला सामाजिक संस्था चालवण्याचा पदव्युत्तर कोर्स करायचाय. नोकरी सोडायची नाही, अधूनमधून काही दिवस मुंबईला जावं लागेल."

फीचा आकडा ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, दान करायला डिग्री कशाला? माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पण आपल्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. एवढ्या पैशांत किती मुलींच्या फिया भरून होतील!"

मुलाने आणि यांनी तिची बाजू घेतली, म्हणून ती गेली. मी मात्र महिनाभर घुश्शातच होते. आज तोच शब्द मागे घ्यायला बसले आहे.

मी १९८१ सालची बी.कॉम. त्यामुळे आमच्या महिला मंडळाच्या ट्रस्टचा हिशेब आपोआप माझ्याकडे आला. अकरा वर्षं खजिनदार आहे. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, याचा मला अभिमान होता. एका भगिनीने यजमानांच्या स्मरणार्थ सात लाख रुपये दिले. मी पावती फाडली आणि रक्कम मुदत ठेवीत टाकली. व्याजातून दरवर्षी मुलींना मदत करू, असा विचार. पुढे आयकर खात्याचं पत्र आलं, आणि कर व व्याज भरावं लागलं.

चूक माझी होती. ट्रस्टच्या वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के त्याच वर्षी ट्रस्टच्या उद्देशांवर खर्च व्हावे लागतात. पुढे वापरायचे असतील तर कशासाठी ते लिहून ठरलेला फॉर्म मुदतीत भरायचा आणि पाच वर्षांच्या आत पैसे त्या कामाला लावायचे. देणगी कायम निधीसाठी असेल, तर देणाऱ्याकडून तसं लेखी घ्यायचं. मी यातलं काहीच केलं नव्हतं. तोंडी सगळं ठरलं होतं, कागदावर काही नव्हतं. त्या बाईंना हे सांगायला गेले तेव्हा मान वर करवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे हो." ते जास्त लागलं.

त्या दिवाळीत सूनबाई माझ्या वह्या घेऊन बसली. कर काही तिला वाचवता आला नाही, वेळ गेली होती. पण तिने दुसराच प्रश्न विचारला, "आई, अकरा वर्षांत ज्या मुलींना पैसे दिले, त्यातल्या किती जणी शिक्षण पूर्ण करू शकल्या?" माझ्याकडे प्रत्येक चेकचा नंबर होता. हे उत्तर नव्हतं.

तेव्हा मी तिला विचारलं, तुला शिकवतात तरी काय? ती शिकते ते मुंबईत अंधेरीच्या भवन्स कॅम्पसमधल्या एस. पी. जैन इन्स्टिट्यूटमध्ये. एस. पी. म्हणजे श्रेयांसप्रसाद जैन, आपल्याच समाजातलं नाव. काही दिवस वर्गात बसायचं आणि मग आपल्या संस्थेत परत जाऊन शिकलेलं करून बघायचं, अशी रीत. कायदा, हिशेब, निधी उभा करणं, माणसं सांभाळणं, कामाचा परिणाम तपासणं हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात तर १९८७ साली दानधर्माच्या अभ्यासाचं केंद्र निघालं, २०१२ साली त्याचं स्वतंत्र महाविद्यालय झालं, आणि नोकरी करणाऱ्यांना तिथली एम.ए. घरबसल्याही करता येते.

हे परकं वाटेल, पण आपल्याला नवीन नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितलंच आहे की विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांच्या फरकाने दानाच्या फळात फरक पडतो. आपण द्रव्य आणि दाता एवढंच धरून ठेवलं. बोली किती लागली आणि कोणाच्या नावाने, हे आपल्याला पाठ असतं. विधी आणि पात्र यांचा अभ्यास राहून गेला.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं जैनच. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रासकट, मोडलं, हे आपण लेकींना सांगतो. पण भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, हे सांगत नाही. शाळा नुसत्या तळमळीवर चालत नाहीत, शिकवणारा आधी शिकलेला लागतो, हे त्यांना कळलं होतं.

आपल्या ट्रस्टचे अहवाल मोठ्या अभिमानाने छापतात, "व्यवस्थापन खर्च शून्य." मीही छापलंय. आता वाटतं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. आमचा खर्च शून्य होता म्हणूनच तो कर भरावा लागला. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. तो पैसा प्रस्ताव लिहिता येणाऱ्या, हिशेब आणि परिणाम दाखवता येणाऱ्या संस्थांकडे जातो. आपण प्रामाणिक असूनही रांगेच्या बाहेर.

आणखी एक, थोडं कडू. आपल्या बहुतेक ट्रस्टमध्ये पोळ्या लाटायला, वाढायला, रुग्णांना भेटायला आपण असतो. सह्या पुरुषांच्या. "तुम्हाला त्यातलं कळत नाही" हे ऐकून आपण गप्प बसतो. शिकलेल्या सुनेला ते म्हणणं अवघड जातं. आमच्या सभेत तिने ताळेबंदावर तीन प्रश्न विचारले, तेव्हा समोर कोणालाच चहा सुचेना.

मला सगळंच पटलं असं नाही. शेवटच्या दुखण्यातल्या म्हातारीचा हात धरून बसलेल्या बाईचं काम कुठल्या तक्त्यात बसवणार? करुणा वर्गात शिकवता येत नाही. फीही जास्तच आहे, आणि डिग्री घेऊन फक्त मोठ्या पगारामागे जाणारेही असतील. पण म्हणून डॉक्टरने शिकू नये, असं आपण म्हणत नाही.

म्हणून माझी विनंती. घरातली लेक-सून हे शिकायचं म्हणाली, तर माझ्यासारखं तोंड वाकडं करू नका. ट्रस्टच्या निधीतून एखाद्या होतकरू बाईच्या फीला हातभार लावायचा असेल तर नियम बघून, ठराव करून लावा. सुशिक्षित खजिनदार हेही ज्ञानदानच आहे. आणि आपण साठीच्या बायकांनी निदान आपल्या ट्रस्टचा ऑडिट रिपोर्ट मागून वाचावा. न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारावी आणि सभेत विचारावं.

मी मुलींची यादी करायला घेतली आहे. अकरा वर्षांतल्या चौसष्ट जणींपैकी आतापर्यंत एकोणीस जणींना फोन लागला. त्यातल्या सात जणींनी शिक्षण मध्येच सोडलं होतं. का सोडलं, ते आधी कोणी विचारलंच नव्हतं.